बंद करून ठेवलेला भाग

"मशीन चांगलं आहे. तुझी बोटंच मंद," एउलालिओ म्हणाला आणि टोपी चढवून गुरांकडे निघून गेला.

लग्न होऊन चाकोच्या या रानात आल्यापासून उत्तरं द्यायची निमियाची सवयच मोडली होती. माहेरी, कोन्सेप्सिओनला, ती एका वकिलाकडे टायपिंग करायची. इथे नवरा गुरांच्या वाडीचा मुकादम. कुठल्या गुराला लस टोचली, कुठलं विकलं, ते ती कॉम्प्युटरवर चढवायची. फोन कायम त्याच्या खिशात. आईशी बोलायचं तर स्पीकर लावून, तो शेजारी बसलेला. इंटरनेट फक्त पलीकडे मालकाच्या बंगल्यात. "आपल्या या डब्यात तो भागच नाही," असं त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. पावसात वाट चिखलाने बंद व्हायची, एरवी त्याच्या कपाळावरच्या आठीने.

पण बोटांचा टोमणा तिला झोंबला. मशीन खरंच मंद आहे हे त्याला दाखवायचंच, म्हणून तिने सिस्टम इन्फर्मेशन उघडलं. वकिलाकडे दुरुस्तीवाला यायचा तो आधी हेच उघडायचा. प्रोसेसर जुना, मेमरी तुटपुंजी. म्हणजे तिचं बरोबर होतं. ती खुशीत खाली खाली वाचत गेली. 'अडचणीची उपकरणं' या सदरात एकच ओळ होती. वायरलेस नेटवर्क कार्ड: हे उपकरण बंद करून ठेवलेलं आहे.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. नाही असं नव्हतं. होतं. कुणीतरी बंद केलं होतं, आणि घरात माणसं दोनच.

शोधत शोधत तिने ते कार्ड सुरू केलं. पडद्यावर मालकाच्या बंगल्याचं नाव उमटलं आणि त्यापुढे कुलपाचं चिन्ह. निमियाला रडू फुटलं. एक दार सापडलं, तर त्यालाही कुलूप.

डोळे पुसून ती मंडिओकाच्या कंदांची टोपली घेऊन बंगल्याच्या स्वयंपाकघरात गेली. स्वयंपाकीण दोन्या सेफेरिना टेरेरेचा गार काढा नळीने ओढत बसली होती.

"मावशी, इथल्या इंटरनेटचा पासवर्ड कुणाला ठाऊक असेल?"

"मलाच की! मालकाची पोरं आली की घरभर बोंबलत असतात. घोड्याचं नाव, लुसेरो, आणि पुढे एक दोन तीन चार." मग तिने निमियाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग मीही काही बोलले नाही. मंडिओका ठेव तिथे."

घरी येऊन निमियाने पासवर्ड टाकला आणि भावाला, डेर्लिसला, ई-मेल लिहिला. 'मला घेऊन जा. फोन करू नकोस, तो ऐकतो.' उत्तर लगेच आलं. 'वाट सुकली की निघतो.' तिने ते पुसलं, कार्ड पुन्हा बंद केलं आणि लसींच्या नोंदी करायला बसली.

नंतरचे दिवस आधीच्यांपेक्षा वाईट गेले. पूर्वी तिला वाटायचं, बाहेर जायला वाटच नाही. आता एउलालिओ कॉम्प्युटरजवळून गेला तरी तिच्या नोंदी चुकायच्या. एकदा त्याने विचारलं, "हल्ली गप्प का?" ती म्हणाली, "बोटं मंद, तशी जीभही." तो हसला.

ऊन पडलं, चिखल तडकला, आणि एका सकाळी डेर्लिसची गाडी अंगणात उभी राहिली. एउलालिओ घरातच होता.

"हा कसा काय आला?"

"मी बोलावलं."

"कसं? फोन तर माझ्याकडे आहे."

"त्या डब्यात तो भाग आहे, एउलालिओ. तूच बंद केला होतास."

तो पुढे सरकला. डेर्लिस गाडीतून उतरून बहिणीशेजारी उभा राहिला. एउलालिओ थांबला, मग आवाज चढवून म्हणाला, "गेलीस तर परत येऊ नकोस!"

"बरं," निमिया म्हणाली. तिने एकच पिशवी घेतली.

वाडीतून बाहेर पडेपर्यंत गुरांची फाटकं एकामागून एक लागत गेली. डेर्लिस म्हणाला, "बस तू, मी उतरतो." तिने ऐकलं नाही. दर फाटकापाशी तीच उतरली, कडी काढली, गाडी पुढे गेली की फाटक लावलं, आणि धुळीतून पळत गाडीत येऊन बसली.