आधी दहावर करून बघा

हॉस्पिटलच्या पाच इमारतींत मिळून तीनशे चाळीस डब्या होत्या. डबी म्हणजे जाड वहीएवढा संगणक. तिच्या पोटात फारसं काही नसायचं. सगळं काम तळमजल्यावरच्या सर्व्हरवर चालायचं आणि डबी ते फक्त पडद्यावर दाखवायची. कुठल्या वॉर्डाला कोणता प्रिंटर, कुठे पेनड्राइव्ह बंद, कुणाला अक्षर मोठं, हे सगळं एका खोलीत बसून एकच बाई ठरवायची. नर्सा तिला डबीताई म्हणायच्या.

तिचे साहेब म्हणजे तिचे थोरले दीर. आधी ते नुसते साहेबच होते. काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं, आणि दोन वर्षांनी, "ही मुलगी आपल्या घरात यायला हवी," म्हणून धाकट्या भावासाठी मागणी घातली. तेव्हापासून ऑफिसात सर आणि घरी भाऊजी. मध्यंतरी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिने आपला पासवर्ड त्यांना देऊन ठेवला होता. परत आल्यावर तो बदलायला हवा होता. पण आपल्याच माणसापासून कुलूप कसलं लावायचं, म्हणून राहून गेलं.

त्या सोमवारी डब्यांसाठी नवी प्रणाली आली होती. ती म्हणाली, "सर, एकदम सगळ्यांवर नको. आधी दहावर करून बघू. जुन्या डब्या अडकतील असं वाटतंय मला."

"उद्या संचालक बघायला येणार आहेत," भाऊजी म्हणाले.

"येऊ देत. दहा दाखवू."

ते हसले. दहा डब्यांचा गट करून, सकाळी चाचणी सुरू करायची असं ठरवून, ती पाचला घरी गेली.

मंगळवारी सकाळी नोंदणीच्या खिडक्यांवरचे सगळे पडदे काळे होते. एकशे दहा जुन्या डब्या मेल्यासारख्या पडल्या होत्या. रुग्णांची रांग दारातून बाहेर गेली. जुने रिपोर्ट उघडेनात, म्हणून दोन ऑपरेशनं पुढे ढकलली. ती पेनड्राइव्ह घेऊन टेबलाखाली शिरून एकेक डबी पूर्वपदावर आणत राहिली, गुडघे सोलले. नवी प्रणाली चढवायचा आदेश दहाऐवजी तीनशे चाळीस डब्यांना कसा सुटला, ते तिला कळेना.

गुरुवारी चौकशी बसली. चौकशीच्या प्रमुख असलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला. सोमवार, पाच वाजून चाळीस मिनिटं, आणि पुढे तिचं नाव.

"मी पाचलाच गेले होते," ती म्हणाली, आणि भाऊजींकडे बघितलं. आता ते बोलतील, असं तिला अगदी सहज वाटलं होतं.

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "मी यांना सांगितलं होतं," ते म्हणाले. "आधी दहावर करून बघा म्हणून. पण तरुण माणसांना घाई असते."

वाक्य तिचं होतं, शब्दन् शब्द तिचा. आणि 'यांना' म्हणजे ती. घरी तिच्या ताटात स्वतः भाजी वाढणारा माणूस तिला 'यांना' म्हणत होता. तिला दोन दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगितलं.

खोलीत येऊन तिने सविस्तर नोंद उघडली. चौकशीच्या कागदावर फक्त वेळ आणि नाव होतं. आदेश कुठल्या डबीवरून सुटला तेही सर्व्हर लिहून ठेवतो, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, भाऊजींच्याही नाही. डबी क्रमांक सतरा. भाऊजींच्या केबिनमधली. ती तिनेच त्यांच्या टेबलावर बसवून दिली होती.

कागद छापून ती घरी आली. नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता. तिने सगळं सांगितलं. तो एकही प्रश्न न विचारता ऐकत राहिला, आणि तिथेच तिला शंका आली.

"तुला माहीत होतं?"

त्याने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. "काल दुपारी ऑफिसातून दादाचा फोन आला होता. म्हणाला, चूक झाली, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तुझ्यावर आलं तर फार तर समज देतील."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, ती घेईल सांभाळून."

"मला विचारलं नाहीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

ती पलंगाच्या कडेवर बसली. भाऊजींचा राग आला होता, पण त्यांनी निदान स्वतःला वाचवायला केलं होतं. इथे मात्र नवऱ्याने तिच्याच घरात, तिच्याच वतीने होकार देऊन टाकला होता. काल त्याने तिच्यासोबत चहा घेतला होता, आज सकाळी 'सगळं ठीक होईल' म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला होता.

"हा कागद देऊ नकोस," तो म्हणाला. "घर फुटेल."

"फोडलंय कुणी?" ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कागद डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. पासवर्ड आपणच दिला होता, हेही खुलाशात लिहिलं. भाऊजींना विचारलं तेव्हा त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. संचालकांना सगळ्या डब्यांवर नवी प्रणाली दाखवायची होती, म्हणाले. त्यांचं प्रमुखपद गेलं आणि बदली भांडारात झाली. पासवर्ड दिल्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली. तिने सही केली.

जावेने बोलणं टाकलं. जेवायची वेळ आता प्रत्येकाची वेगळी. भाऊजी एकदा जिन्यात समोर आले, आणि बाजूला होऊन त्यांनी तिला वाट दिली.

महिन्याभराने नवऱ्याने विचारलं, "अजून किती दिवस धरून बसणार आहेस?"

"त्या फोनवर तू माझ्या बाजूने एक तरी वाक्य बोललास का? खरं सांग."

तो म्हणाला, "नाही."

निदान हे तरी त्याने खरं सांगितलं होतं. तिने पर्स उचलली, चपला घातल्या आणि ती कामावर निघाली. त्या दिवशी मुलांच्या वॉर्डात नव्या डब्या बसवायच्या होत्या.