शिडीपेक्षा उंच झालेली मूर्ती

“आता सांगते ते कोणाला पटायचं नाही. आणि पटलंच, तर मला तुमच्या अकलेची काळजी वाटेल!” शाळेच्या स्वयंपाकघरात पिरोगीची, म्हणजे पोलिश उकडकरंज्यांची, कणीक लाटता लाटता म्हाताऱ्या सिस्टर लेओकाडिया म्हणाल्या.

उर्सुला हसली नाही. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी शाळेच्या चॅपलमध्ये मारियामातेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट घालायचा मान यंदा तिला मिळाला होता, आणि तो तिला काट्यासारखा सलत होता. मुलींची मतं जास्त पडली होती हलिनाला! पण हलिना फीच्या बदल्यात दुपारी वर्गमैत्रिणींना ताटं वाढायची. फुलं आणि नंतरचा फराळ मुकुट घालणारीच्या घरून यायचा, ही अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या पोलिश वस्तीतल्या या मुलींच्या शाळेची पहिल्या वर्षापासूनची रीत. हलिनाच्या घरून कुठला येणार? पालक-समितीने दुसऱ्या नंबरच्या उर्सुलाचं नाव लावून टाकलं. हलिना आत्ताही पलीकडे मुकाट्याने ताटं पुसत होती.

“मी थोडाच मागितला होता मान?” उर्सुला पुटपुटली. “रीतच आहे तशी.”

“रीत!” सिस्टरांनी लाटणं रोखलं. “पन्नास वर्षांपूर्वी अशीच एक पोर, दुसऱ्या नंबरची, नाक वर करून शिडीवर चढली. पहिली पायरी चढली, मूर्ती हातभर उंच झाली. दुसरी चढली, आणखी हातभर! सातव्या पायरीला मातेचं डोकं छताला टेकलं. अजून तडा आहे तिथे. बिशपसाहेब वर बघता बघता टोपीसकट मागे कोसळले!”

“सिस्टर, मूर्ती प्लास्टरची आहे.”

“म्हणून तर नुसत्या तड्यावर भागलं!”

“मग?” हलिनाचा हात थांबला होता.

“मग पोर उतरली. खरी निवडून आलेली मुलगी मागे ॲप्रन घालून उभी होती. तिच्या हातात मुकुट दिला, आणि माता वाकली, पार गुडघ्यापर्यंत! बाळांनो, जिच्या हातचं रोज जेवायचं, तिला मानाच्या वेळी मागे उभं करायचं, याला रीत म्हणत नाहीत. लाज म्हणतात!”

उर्सुलाने हातावरचं पीठ झटकलं. मग उठून हलिनापाशी गेली.

“फुलं आमच्या बागेतली. फराळ आमच्याकडचा. आई ओरडेल, ओरडू दे. शिडीवर मात्र तू चढायचंस.”

“वेडी की काय! माझ्याकडे पांढरा झगा कुठाय?”

“माझा घाल. कंबरेत सैल होईल. रविवारपर्यंत पिरोगी खा भरपूर!”

हलिना हसायला गेली आणि रडली. सिस्टर खुशीत मान डोलावू लागल्या.

“खोटं! साफ खोटं!” शेगडीपाशी पाठमोरी उभी असलेली शाळेची स्वयंपाकीण, म्हातारी जेनोवेफा, झारा आपटून वळली. “मूर्ती तसूभर हलली नव्हती. ॲप्रन घालून मीच उभी होते ना तिथे! शेवटच्या पायरीवर तूच रडायला लागलीस, लेओ. आणि खाली येऊन माझ्या ॲप्रनची गाठ तू आपल्या हातांनी सोडलीस!”