केरबाच्या स्लॅबचं पाणी

उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झालं आणि पावसानं पाठ फिरवली. वस्तीत त्यावर थट्टा चालायची, की वाटणी करताना पाऊस चुकून उस्मानाबादच्या वाट्याला गेला. पहिल्या वर्षी सगळे हसले. पुढं वस्तीच्या विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा तीच थट्टा करणाऱ्याला म्हाताऱ्यांनी झापलं.

आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात केरबाला स्लॅब टाकायची बुद्धी झाली.

केरबा लातुरात नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर सळई बांधायचा. साहेबांच्या डोक्यावर स्लॅब घालतो, तर आपल्याच डोक्यावर का नको, असं त्याच्या मनानं घेतलं. एकदा घेतलं की ब्रह्मदेव आला तरी तो ऐकणारा नव्हता. गवंडी लावला नाही की मिस्त्री. पाया त्यानंच खोदला, भिंती त्यानंच चढवल्या. एक भिंत वाकडी आली तर पाडून पुन्हा बांधली. बायको पंचशीला मजुरीवरून आली की रात्र पडेपर्यंत त्याच्या हाताखाली माल द्यायची. आम्ही जाता-येता टोमणे मारायचो, "काय केरबा, कलेक्टर राहायला येऊन राहिला का?" तो म्हणायचा, "येऊ द्या की. चहा पाजीन."

मनातून मात्र सगळ्यांची छाती फुगलेली होती. आमच्या बुद्धवाड्यात सगळी घरं कुडाची, नाहीतर पत्र्याची. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांची सुद्धा मातीच्या छताची माळवदंच होती. पहिला स्लॅब पडणार तो आमच्यात, आणि तोही आमच्याच माणसाच्या हातानं. ही गोष्ट कोणी उघड बोलत नव्हतं, पण विसरतही नव्हतं.

पाऊस पडेपर्यंत थांब, असं शहाण्यांनी त्याला सांगितलं. पण स्लॅबला खालून आधार द्यायच्या सेंटरिंगच्या फळ्या ठेकेदाराच्या होत्या. एक काम संपलेलं, दुसरं सुरू व्हायचं, तेवढ्यापुरत्या त्या रिकाम्या होत्या. आत्ता नाही तर कधीच नाही, असं केरबा म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. टाकायपुरतं पाणी त्यानं बैलगाडीनं पिंपात आणलं. स्लॅब टाकला त्या दिवशी सारी वस्ती मालाच्या पाट्या द्यायला रांगेत उभी होती.

खरी गोष्ट त्याच्या पुढंच असते. ताजा स्लॅब पाणी मागतो. वर मातीचे वाफे बांधून त्यात पाणी साठवून ठेवावं लागतं, नाहीतर उन्हानं तो तडकतो. एवढं पाणी केरबा आणणार कुठून? तेव्हा पारूबाईनंच तोंड उघडलं. केरबाच्या शेजारची, फटकळ तोंडाची, पण वस्तीत तिच्या शब्दाला मान होता.

"घरटी एक घागर द्यायची. रोज. त्याच्या एकट्याच्यानं हुतंय का ते?"

नाही कोण म्हणणार? आणि लोकांनी खरंच दिली. स्वतः अंघोळी सोडल्या, भांडी राखेनं कोरडी घासली, पण घागर दिली. तहानलेल्या वस्तीच्या डोक्यावर पाणी साठलेलं, आणि त्यात चिमण्या डुंबत होत्या.

मग पारूबाईची सून चांगुणा बाळंत झाली. पारूबाईचा मुलगा लातूरच्या अडतीत हमाल, तो तिकडंच होता. विहिरीत तेव्हा चिखल उरलेला, टँकरचा पत्ता नाही. त्या सकाळी पारूबाई घागर घेऊन शिडीपाशी आली, पण घागर तिनं वर दिली नाही.

"केरबा, आज आमची राहू दे का रं? सून बाळंतीण हाय. घरात एवढंच पाणी हाय."

केरबा वाफ्यांकडं बघत होता. दोन वाफे कोरडे पडत आले होते. झोप नसल्यानं त्याचे डोळे तांबारलेले.

"पारूमाय, आज खंड पडला तर समदं मातीत जाईल गं. दुपारला टँकर येऊन राहिला. माझ्या वाटणीचं पाणी तुझ्या दारात आणून ओततो."

"टँकर काल बी येनार हुता."

"माय, घरटी घागर तूच बोल्ली हुतीस."

"बोल्ले हुते, हाव," ती म्हणाली आणि घागर वर दिली.

मी समोर होतो. त्यानं हिसकावली नाही, आवाज चढवला नाही. गोड बोलून घेतली. मला अजून राग येतो तो त्याचाच.

टँकर आला नाही. भर दुपारी पारूबाई तावरजा नदीच्या कोरड्या पात्रात गेली. तिथं वाळूत झिरा खणलेला होता. वाटीनं पाणी उपसायचं आणि पुन्हा झिरपायची वाट बघत बसायचं. बायका पहाटेच जाऊन यायच्या, कारण दुपारी ती वाळू पायाला फोड आणायची. उन्हं उतरल्यावर पंचशीला तिकडं गेली, तेव्हा घागर अर्धी भरलेली होती आणि पारूबाई तिच्या शेजारी आडवी झाली होती. अंगाला हात लावला तर वाळूइतकंच तापलेलं. जीव गेलेला होता.

मुलगा रात्री लातूरहून आला. मढं न्हाऊ घालायला पाणी कुठलं, असं बायका कुजबुजत होत्या. झिऱ्यावरून आणलेल्या अर्ध्या घागरीला चांगुणा कोणाला हात लावू देत नव्हती. तेवढ्यात केरबा दोन घागरी घेऊन दारात आला. वाफे फोडून आणलं होतं त्यानं, सिमेंटनं पांढुरकं झालेलं. चांगुणा बाळ घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि दोन्ही घागरींकडं बघत राहिली.

"यातली एक आमची. ती ठिवा. दुसरी ज्याची असंल त्याला माघारी द्या."

एका घागरीत पारूबाईची अंघोळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. झुंबड उडाली, भांडणं झाली, सगळ्यांची भांडी भरली. आम्ही पाणी घरात ठेवत होतो, तोच चांगुणा डोक्यावर घागर घेऊन केरबाच्या दाराकडं जाताना दिसली. बाळंतीण अशी बाहेर पडत नाही. कोणीतरी हाक मारली, पण तिनं वळून पाहिलं नाही.

केरबा शिडीच्या पायाशी बसला होता. तो धडपडत उठला.

"चांगुणा, नको माय. स्लॅब फुटू दे. माझं घर फुटू दे. हे घरी घिऊन जा."

"आत्याबाईनं झिऱ्यावर भरल्याली हाय," चांगुणा म्हणाली. "अर्धीच हाय. तेवढीच भरता आली तिला. तिनं सांगितलं हुतं रोज द्यायची. सरका."

त्यानं हात जोडले. ती त्याच्या बाजूनं गेली आणि एका हातानं घागर धरून शिडी चढायला लागली. ती पडू नये म्हणून केरबानं खालून शिडी घट्ट धरली, आणि वर पाणी ओतल्याचा आवाज येईपर्यंत तो ती धरून उभा राहिला.