उशाकडचा निळा तुकडा

"उशाकडं लाव, कुशाबाई. लेकराच्या गालाला लागंल असा. माज्या लग्नातल्या लुगड्याचा हाय, लई मऊ पडलाय."

हे द्रौपदाबाईंचे शब्द. मित्रांनो, मी एक जुनी, दोन हात लांबीची गोधडी आहे. सत्त्याण्णव साली कळंबजवळच्या एका वाडीत कुशाबाईने मला शिवलं. गोधडी म्हणजे ऊबदार, शांत, असं तुम्हाला वाटत असेल. मी मात्र आठ वर्षं रागात आहे.

आमच्या वाडीत पहिल्या नातवंडाची गोधडी पाच घरच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची करतात. म्हणजे लेकरू पाच घरांचं होतं. कुशाबाईने चार घरचे तुकडे आणले आणि पाचव्यासाठी ओढा ओलांडून बौद्ध वस्तीत द्रौपदाबाईंकडे गेली. कारण सुनेच्या कळा सुरू झाल्या तेव्हा द्रौपदाबाईंच्या लेकानेच, जयवंतने, जीप काढली होती. मंचरच्या दवाखान्यापर्यंत द्रौपदाबाईंनी पोरीचा हात सोडला नव्हता.

"उशाकडंच लावते. शब्द हाय माजा," कुशाबाई म्हणाली, आणि तिने लावलाही.

कुशाबाई मोठी देवभोळी. दर संकष्टीला उपास, आणि चंद्र दिसेपर्यंत मौन. नातीचं, आरतीचं, बारसं नेमकं संकष्टीला आलं. बायकांनी मला हातोहात फिरवलं. "टाका बघा, उंदराच्या दातासारखा बारीक," एक म्हणाली. मी फुगले.

तेवढ्यात कुशाबाईच्या थोरल्या जावेने, झुंबरबाईने विचारलं, "ह्यो निळा कुणाच्या घरचा गं?"

कोणीतरी सांगितलं.

"पाच घरं म्हंजी आपल्यातली पाच. वड्यापल्याडचं कसं धरायचं? आण गं ते ब्लेड."

उसवताना होणारा आवाज तुम्ही ऐकलाय का? कर्र, कर्र. माझी मालकीण समोर बसली होती. तिचे ओठ हलले नाहीत. मौन होतं ना.

झुंबरबाईने तिथे गुलाबी साटीन ठोकलं. आरती त्यावर गाल टेकला की रडायची. निळा तुकडा कुशाबाईने केरातून उचलला आणि देव्हाऱ्यात पोथीच्या रुमालात ठेवला. देवाजवळ ठेवला म्हणजे झालं, असं तिला वाटलं असेल. मी विचारते, शब्द काय देवाला दिला होता?

पुढे आरती मोठी झाली. मी ट्रंकेत गेले, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. तिथे राग मुरतो.

परवाच्या संकष्टीला मला उन्हात दोरीवर टाकलं होतं, उलटी बाजू वर. द्रौपदाबाई अंगणात आल्या.

"नात झाली गं, कुशाबाई. यशोधरा नाव ठिवणार हाय. पाच घरं फिरतीया, पयलं तुजं." मग माझ्याकडे बघून हसल्या. "हीच का ती? माजा तुकडा हाय ना अजून उशाकडं?"

कुशाबाईने मान हलवली. हो म्हणून.

न बोलता खोटं बोलली ती. दोरीवरून उतरता आलं असतं तर मी स्वतःच सुलटी झाले असते.

"मौन दिसतंय आज. ऱ्हाऊ दे, तुकडा मागाहून दे," म्हणत द्रौपदाबाई गेल्या.

मित्रांनो, मला घडी घालून जपा, वाळवी लागू देऊ नका, असं मी सांगणार नाही. तुमच्या घरात गोधडी असेल तर आईला विचारा, कुठला तुकडा कोणाच्या घरचा. आणि एखादा उसवायला कोणी ब्लेड मागितलं, तर गप्प बसू नका. उपासाच्या दिवशी तर मुळीच नको.

द्रौपदाबाई दिसेनाशा झाल्या तशी कुशाबाई उठली. मग तिने मला दोरीवरून काढलं, मांडीवर घेतलं आणि साटीन उसवलं. पोथीच्या रुमालातून निळा तुकडा आणला. आरतीच्या फ्रॉकचं उरलेलं मऊ कापड यशोधरासाठी घेतलं. सुई पदराला टोचली.

"सुई घिऊन कुठं गं?" झुंबरबाईने दारातून विचारलं.

चंद्र उगवायला अजून पाच-सहा तास होते.

"द्रौपदाबाईकडं. काय झालं ते सांगते, आन तिच्या म्होरं बसून लावते."

"अगं, मौन हाय ना तुजं?"

कुशाबाईने चपला घातल्या, मला काखेत धरलं आणि ओढ्याची वाट धरली.