खडूच्या गोळ्या

निलंग्यात आमच्या डॉक्टरांकडं एक पद्धत आहे. चिठ्ठी घेऊन खालच्या मेडिकलमध्ये जायचं, गोळ्या घ्यायच्या आणि पुन्हा वर येऊन डॉक्टरांना दाखवायच्या. त्यांनी मान हलवली की मगच घरी. मेडिकल त्यांच्या मेव्हण्याचं. पाच वर्षं मी मुकाट दाखवत आले.

गोळी आमच्या मालकांची, लिंबाजींची, बीपीची. रोज एक. चुकवली तर अर्धांगवायू होईल, अशी डॉक्टरांची तंबी. पण त्या दुष्काळाच्या साली लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं; रानात काम कुठून असणार? दहा गोळ्यांना एकशे चाळीस रुपये. मी एक दिवसाआड गोळी द्यायला लागले. मालकांना सांगितलं, डॉक्टरांनीच कमी केली. एका सकाळी त्यांच्या हातातून तांब्या निसटला आणि मला डॉक्टरांची तंबी आठवली. ते हसले, मला काही हसू आलं नाही.

माझी भाची महानंदा लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिनं पाकिटावरचं बारीक अक्षर दाखवलं. "मावशी, हे मोठं नाव कंपनीनं ठेवलेलं. औषधाचं नाव हे खालचं. जेनेरिकच्या दुकानात ह्याच दहा गोळ्या बावीस रुपयाला हायेत."

"मग डॉक्टर का न्हाई सांगत?"

ती हसली आणि मला त्या दुकानात घेऊन गेली. मी महिन्याच्या गोळ्या घेतल्या आणि जुन्या सवयीनं डॉक्टरांना दाखवायला नेल्या. कोण शहाणं असं करील? पण मी केलं.

त्यांनी पाकीट भिरकावलं. "हा खडू आहे. काही झालं तर माझ्याकडं येऊ नका."

घरी पोचेपर्यंत मला भीती वाटत होती. भाकरी थापताना त्या भीतीचा राग झाला. त्या दिवसापासून रोज, न चुकता, मी स्वतःच्या हातानं तीच गोळी दिली.

महिन्यानं मालकांना घेऊन डॉक्टरांकडं गेले. दार उघडंच होतं. बाहेर बाकावरची माणसं उदगीर नवा जिल्हा झाला तर निलंग्याचं काय, यावर तावातावानं भांडत होती. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून दोनदा मोजलं.

"एकशे अठ्ठावीस, ऐंशी. कित्येक महिन्यांनी जागेवर आलं. घेतली ना शेवटी आपलीच गोळी?"

मी पिशवीतली रिकामी पाकिटं टेबलावर ओतली. "न्हाई साहेब. ही खडूची. दाखवायला आणलीत."

बाहेर नव्या जिल्ह्यावर भांडणारी माणसं दारातून वाकून बघायला लागली.

"मग इथं कशाला आलात?"

"तपासायला. फी भरलीय, फुकट न्हाई आले. आता चिठ्ठीवर औषधाचं खरं नाव ल्ह्या. मला वाचता येईल असं."

त्यांनी पेनाला हात लावला नाही. मग मालकांसमोर जे कधीच बोलायचं नव्हतं, तेच मी बोलले.

"आठ महिने ह्यांना दिवसाआड गोळी दिली मी. खोटं बोलून दिली. ह्यांचं काही झालं असतं तर जन्मभर सोताला दोष देत बसले असते. औषधाचं एक नाव लिवायला तुमचं काय जात हुतं?"

मालक माझ्याकडं वळले. आता हे सगळ्यांदेखत मला बोलणार, असंच मला वाटलं. त्यांनी टेबलावरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा डॉक्टरांपुढं सरकवला.

"ल्ह्या साहेब," ते म्हणाले. "लिवल्याबिगर ही उठत न्हाई, आन् मी हिला सोडून जात न्हाई."