तरंगिणीचं उजवं इंजिन

मार्गशीर्षातली सकाळ. खाडीवर धुक्याचा विरळ, दुधट पदर. त्या पदराआडून आधी कांदळवनाची हिरवी-काळी किनार उमटली, मग माडांचे शेंडे उमटले, मग पाण्यावर सोनं सांडत सांडत सूर्य आला. पाणी उतरलं होतं. चिखलावर खेकड्यांच्या पावलांची बारीक नक्षी होती. आणि त्या चिखलाच्या वर, फणसाच्या ओंडक्यांवर, पोट उघडं टाकून तरंगिणी उभी होती.

छत्तीस फूट लांबीची, सागवानी देहाची, दोन इंजिनांची, केबिन असलेली जुनी नौका. कधीकाळी ती एका मुंबईकर धनिकाच्या हौसेची राणी होती. वादळात खडकावर बसली, धनिकाची हौस फिटली, आणि खाडीत बोटी हाकणाऱ्या पुरसो तांडेलने ती फुटकी राणी खडकावरून ओढून घरी आणली. त्याला आता चाळीस वर्षं झाली.

शुभ्रकांती तरंगिणी, नीलरेखांकिता तरंगिणी! आज कांती पिवळी पडली होती, नीलरेखा फिकटली होती, आणि पोटाला कालवांची खरखरीत खपली धरली होती. तिला पुन्हा तरुण करायला चित्रलेखा आली होती.

चित्रलेखा ही पुरसोची एकुलती एक मुलगी. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बोटांच्या पेरांत न निघणारं काळं वंगण. रत्नागिरीच्या बंदरावर ट्रॉलरची इंजिनं खोलण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. खाडीच्या मुखाशी असलेल्या बेटावर बत्तीस घरं, पूल नाही, दवाखाना नाही. बेटकऱ्यांना आजाऱ्यांसाठी पुन्हा एक भरवशाची बोट हवी होती. म्हणून चित्रलेखाने महिनाभराची रजा टाकली आणि ती तरंगिणीच्या पोटात शिरली.

खरवडणं, घासणं, धुणं. फळ्यांच्या शिवणीशिवणीतला कुजका कापूस उपसणं, नवा कापूस आणि राळ ठासणं. गंजलेल्या तारा काढणं, नव्या तारा ओढणं. पोलादाचा गंज स्वतःवर ओढून घेत झिजलेले जस्ताचे ठोकळे फेकून नवे बसवणं. जुन्या काचेच्या दिव्यांच्या जागी चिमुकले, टिकाऊ दिवे. काम वाढत होतं तशी नौका उजळत होती, आणि नौका उजळत होती तशी चित्रलेखा गाणं गुणगुणायला लागली होती.

मग तिने इंजिनांच्या तासांची घड्याळं पुसली, आणि गाणं थांबलं.

डावं इंजिन चाललं होतं सहा हजार सहाशे दहा तास. उजवं चाललं होतं दोन हजार दोनशे चौदा.

दोन इंजिनं म्हणजे बैलजोडी. एकाला नांगराला जुंपून दुसऱ्याला गोठ्यात बांधून ठेवणारा शेतकरी कुणी शहाणा म्हणेल का? जे इंजिन नुसतं बसतं ते गंजतं, आणि जे एकटंच ओढतं ते लवकर थकतं. हे तिला कोणी शिकवलं होतं? याच बापाने, याच नौकेत, कान पिळून! खाडीच्या दोन्ही काठांना इंजिनाचा वैद्य म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं, त्या पुरसो तांडेलने स्वतःच्या नौकेची अशी हेळसांड केली होती? तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याआधी नवल वाटलं.

बापाचा हात खोटा निघाला, तर तिच्या हाताचं काय? तिचं सगळं शिकणं त्याच हातातून आलं होतं. तिने दोन्ही इंजिनं काढून नवी बसवायचं मनाशी धरलं होतं. आता ती ठरवलेली गोष्ट बाजूला राहिली, आणि तिने उजव्या इंजिनाचं डोकं खोलायला घेतलं.

बोल्ट सुटले. झाकण उचललं. आत गंजाचा लवलेश नाही. तैलस्निग्ध, दर्पणस्वच्छ, निष्कलंक पोलाद! कुणीतरी आठवड्या-आठवड्याला हे इंजिन हाताने फिरवलं होतं, वेळच्या वेळी तेल बदललं होतं, देव्हाऱ्यातल्या पितळेसारखं जपलं होतं. हेळसांड नव्हतीच. मग हे काय होतं?

आता ती हट्टाला पेटली. ती मोठी झाली तरी तिचं कुतूहल परकरातच राहिलं होतं.

पाणी कापणाऱ्या उजव्या पंख्याच्या दांड्यावर, नौकेच्या आतल्या बाजूला, तिला एक कडं सापडलं. खरं कडं नव्हे. पोलादावर काथ्याची दोरी वर्षानुवर्षं आवळून घासल्याने उमटलेली चार बोटं रुंदीची लखलखीत पट्टी. एक इंजिन बंद ठेवून दुसऱ्यावर बोट चालवली, की बंद बाजूचा पंखा पाण्याच्या ओढीने उगाच फिरत राहतो आणि गिअर खराब करतो. म्हणून जाणता माणूस तो दांडा बांधून ठेवतो. पुरसोने तो बांधला होता. एकदा नव्हे, शेकडो वेळा.

आणि सुकाणूच्या चाकावर दोन गाठी होत्या. एक नेहमीची, मधल्या आऱ्यावर. ती वर आली की सुकाणू सरळ. दुसरी तिच्यापासून दोन आरे सोडून, जुन्या निळ्या सुतळीची. एकाच इंजिनावर चाललेली बोट एका अंगाला वळू बघते. तिला सरळ ठेवायचं तर चाक तेवढंच कललेलं धरावं लागतं. ती कललेली सरळ वाट त्या निळ्या गाठीने दाखवली होती. लहानपणी तिने कितीदा ती गाठ नखाने कुरतडली होती, पण ती कशाची हे कधी विचारलं नव्हतं.

आता विचारायचं तिने ठरवलं.

पुरसो आंब्याखाली बसून डाव्या पंख्याची पाती कानशीने घासत होता. ऐंशी पार केलेला, काटक, मिठाने रापलेला, बोलण्यात महाकंजूष. चित्रलेखा त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"बाबा, उजवा इंजिन तुमी बंद ठेवायचात. कित्याक?"

कानशी थांबली नाही. "येताना सुकती आडवी येता."

सुकती म्हणजे ओहोटी. हे उत्तर चित्रलेखाने लहानपणापासून ऐकलं होतं. तिची आई अनसूया सरकारी परिचारिका. खाडीकाठच्या गावांत आणि बेटावर बाळंतपणं करायची, लसी टोचायची. तिला नेण्या-आणण्यासाठी तर पुरसोने ही नौका उभी केली होती. बाळंतीण अडली असा निरोप आला की तरंगिणी पाण्यावरून उडत जायची, आणि परतताना अशी रेंगाळायची की काठावरची माणसं हसायची. "पुरसोची बोट, जाताना येष्टी, येताना बैलगाडी!" अशी आरोळी मासे सुकवणाऱ्या बाया मुद्दाम मोठ्याने ठोकायच्या. पुरसो मान हलवायचा, सुकतीवर खापर फोडायचा आणि चाक धरून उभा राहायचा.

पण आता समोर पोरगी नव्हती, मिस्त्री होती.

"सुकती काय तुमच्या घरची? दरखेपेक येताना बरी गाठता! आणि उलट्या पाण्याक दोन इंजिना व्हयी. एक कशाक?"

कानशी थांबली. पुरसोने खाडीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आंब्यावरच्या मुंगळ्यांकडे पाहिलं. मग धोतर झटकत उठला.

"पेज थंड होता," म्हणाला, आणि घराकडे चालू लागला. चित्रलेखाला हसूही आलं आणि रागही आला.

दोन दिवस ती तो प्रश्न उशाला घेऊन झोपली, आणि तो प्रश्न घेऊनच उठली. सुकतीसाठी नाही, आळसासाठी नाही, बिघाडासाठी नाही. मग कशासाठी? तिने पोटाला लाल रंग दिला, अंगाला पांढरा दिला, आणि रंगाच्या प्रत्येक हाताबरोबर तोच एक प्रश्न फिरवला.

तिसऱ्या दिवशी अनसूया आली. केबिनमधल्या बाकांसाठी नव्या गाद्या शिवायच्या होत्या, त्यांची मापं घ्यायला. पांढरीशुभ्र, लहानखुरी, गुडघ्यांनी कुरकुरणारी, पण जिभेने अजून टवटवीत. शिडीच्या पायऱ्या मोजत ती वर चढली आणि केबिनमध्ये शिरली.

केबिनच्या मागल्या अंगाला दोन बाकं होती, समोरासमोर. डाव्या बाकाखाली डावं इंजिन, उजव्या बाकाखाली उजवं. खिडकीतून आत आलेलं ऊन उजव्या बाकावर पडलं होतं. अनसूयेने माप घ्यायची फीत गळ्यात टाकली, आणि माप बाजूला ठेवून ती त्या बाकावर चक्क आडवी झाली.

"माजी जागा ही," ती छताकडे बघत म्हणाली. "दोन-दोन दिवस डोळ्याक डोळो नसायचो गो. बाळ जगला तर आनंदान दमायचंय, नाय जगला तर... पन हय येवन पडलंय की गाढ झोप. घराक लागासर जाग नाय. डाव्याचो काय तो धडधडाट! पन ह्या बाकाखालचा इंजिन गुणी हां. कधी हूं नाय की चूं नाय."

केबिनच्या दाराची चौकट रंगवणाऱ्या चित्रलेखाने ब्रश खाली ठेवला.

कधी हूं नाय की चूं नाय. बंद असलेलं इंजिन हूं कशाला करील?

तिच्या डोक्यात आकड्यांनी आपापल्या जागा घेतल्या. जाताना दोन्ही इंजिनं, भरवेगाने. समजा, एक तास. येताना एकटं डावं, निम्म्या वेगाने, दोन तास. उजव्याच्या वाट्याला एक, डाव्याच्या वाट्याला तीन. सहा हजार सहाशे दहा म्हणजे दोन हजार दोनशे चौदाची जवळजवळ तिप्पट. घड्याळं खोटं बोलत नव्हती. त्यांनी पुरसोचं सगळं गुपित तास-तास जपून ठेवलं होतं, आणि ते वाचायला कुणी येईल अशी त्याला कल्पनाही नव्हती.

वीस वर्षं! अनसूयेच्या नोकरीची वीस वर्षं हा माणूस चाक कलतं धरून उभा राहिला. ऊन सोसलं, वारा सोसला, काठावरचं हसू सोसलं. गावातला सर्वांत वेगवान तांडेल सर्वांत मंद म्हणून मिरवला. ज्या चुकीसाठी त्याने दुसऱ्या कुणाचाही कान पिळला असता, ती चूक त्याने जाणूनबुजून, नेमाने, जीव लावून केली. बायकोची झोप मोडू नये एवढ्यासाठी. आणि शाबासकी सगळी मिळाली इंजिनाला!

चित्रलेखाचे डोळे भरून आले. खाली, नौकेच्या पोटाशी पाती घासत बसलेल्या पुरसोच्या कानशीचा आवाज थांबला होता. लाकडी फळ्यांतून सगळं ऐकू जातं, हे पुरसोला तिच्याहून जास्त ठाऊक होतं. तिने आईकडे बघितलं आणि फक्त एवढंच म्हटलं, "होय गो आये. गुणीच हा ता."

तिने नव्या इंजिनांचा विचार सोडला. तिने डाव्याला रिटायर केलं. अशा कष्टाळू इंजिनाला ते मानाचंच होतं. त्याच्या जागी त्याच जातीचं, नव्याने बांधलेलं इंजिन रत्नागिरीहून आलं. उजवं मात्र नळ्या आणि पंप बदलून जिथल्या तिथे राहिलं. बापाचा हात खरा होता, आणि आपलाही खराच असणार, असं वाटून ती त्या रात्री फार दिवसांनी निवांत झोपली.

पौषातल्या एका स्वच्छ दुपारी तरंगिणी पाण्यात उतरली. शुभ्रकांती, नीलरेखांकिता, अरुणोदरी! दोन्ही इंजिनं एका सुरात घुमली, दोन्ही पंख्यांनी पाणी मागे लोटलं, आणि खाडी दुभंगून तिच्या दोन्ही बाजूंनी फेसाचे दोन पांढरे पट्टे धावले. माशांच्या वाळवणावरून आरोळी आलीच: "येष्टी सुटली गे!" चाकावर चित्रलेखा, शेजारी पुरसो, आत अनसूया. मुखापर्यंत, बेटापर्यंत, पाऊण तासात.

बेटावर अनसूयेचा पाय निघेना. तिच्या हातांवर जन्मलेली माणसं आता स्वतःची पोरं दाखवायला घेऊन आली होती. कुणी चहा पाजला, कुणी ओटी भरली. दोन तासांनी ती परत येताना दिसली, थकून, पदर सावरत, सावकाश.

ती धक्क्यावर पोचायच्या आधी चित्रलेखाने घरून आणलेलं काथ्याच्या नव्या दोरीचं वेटोळं उचललं, फळी सरकवली आणि ती उजव्या इंजिनाच्या मागे, अंधाऱ्या खाचेत वाकली.

दांडा आधीच बांधलेला होता. नवी, सोनेरी काथ्याची दोरी. जुनी, घट्ट, तांडेली गाठ.

ती वर आली. पुरसो खाडीकडे बघत उभा होता, जणू तो त्या गावचाच नव्हता. त्याच्या तळहातांना काथ्याची तुसं चिकटली होती. तिने आपलं वेटोळं हळूच कोपऱ्यात ठेवलं आणि ती चाकापासून बाजूला झाली. पुरसोने चाक धरलं.

अनसूया आत गेली. "जरा पाठ टेकतंय गो," असं म्हणून उजव्या बाकावर नव्या गादीत कलंडली. चित्रलेखाने डावं इंजिन सुरू केलं. उजव्याच्या किल्लीला तिने हात लावला नाही.

"म्हटलंय नाय," आतून झोपेने जड झालेला आवाज आला, "गुणी हा."

निळ्या सुतळीची गाठ हळूहळू वर आली आणि मधोमध थांबली. तरंगिणी घराकडे वळली. काठावरून कुणीतरी बैलगाडीला साद घातली, कुणीतरी हसलं. पुरसोने समोरच बघत घसा साफ केला.

"सुकती लागली हा."

"होय, बाबा," चित्रलेखा म्हणाली. "बरीच लागली हा."

आणि त्यांच्या शेजारून, भरतीच्या भरल्या पाण्यावर, कांदळाचं एक पिवळं पान घराच्याच दिशेने वाहत होतं. नौकेने त्याला सावकाश मागे टाकलं, तरी तेही तिच्याच वाटेने, संथ सोनेरी पाण्यात, एकटंच चाललं होतं.