काहींच्या मते विहीर

त्या वर्षी पावसानं दगा दिला, शेतात काम उरलं नाही, म्हणून उमापूरकडच्या त्या गावानं स्वतःची माहिती लिहायला काढली. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कुणालाही लिहिता येतं, तर आपल्या गावाचंही पान असावं, असं सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांच्या मनानं घेतलं. टायपिंग आलं भारत गुरुजींकडं. भीमनगरातल्या या शिक्षकाच्या घरात लॅपटॉप होता आणि अंगात हौस.

ज्ञानकोशाची मोठी अट म्हणजे लिखाण तटस्थ हवं. सुंदररावांना ती फार आवडली. सोसायटीत वर्षानुवर्षं तेच तर चालत आलं होतं. ठराव एकमतानंच व्हायचा; कुणी हरकत घेतली की ती मिटेपर्यंत वाक्यात शब्द घालत राहायचं. त्याच रीतीनं सभा पान लिहायला बसली, आणि 'दुष्काळ' जाऊन 'अपेक्षेपेक्षा कमी पर्जन्यमान' आलं. गोदावरीतली वाळू कुणी नेत नव्हतं, ती 'कमी होत असल्याचे आढळते' एवढंच. वाचणाऱ्याला वाटावं, या गावात कधी कुणी काही केलंच नाही, सगळं आपोआप झालं.

गुरुजींना हसू यायचं. पण एका वाक्यात त्यांचा जीव अडकला होता: 'बहात्तरच्या दुष्काळात गावविहीर भीमनगरच्या माणसांनी खोदली, आणि पाणी लागल्यावर त्यांनाच तिथं पाणी भरू दिलं नाही.' खोदणाऱ्यांपैकी आता त्यांची आई चतुराबाई तेवढी उरली होती. ती रोज विचारायची, "आली का रं माझी हीर त्या कोशात?"

विहीर आली, पण सभेतून आली. सुंदररावांनी हरकत घेतली, शब्द वाढत गेले, आणि शेवटी झालं असं: 'विहिरीच्या वापराबाबत, काहींच्या मते, काही काळ मतभिन्नता होती.'

गुरुजींनी ते आईला वाचून दाखवलं. म्हातारी कडाडली. "मतभिन्नता? रिकामी घागर घिऊन घरी येत व्हते मी. तू पान्यासाटी रडत व्हतास."

गुरुजींना ते झोंबलं. त्यांनी तडक सुंदररावांच्या वडलांचं वाक्य उघडलं आणि तेही तटस्थ करून टाकलं: 'काहींच्या मते, सोसायटी आप्पांनी स्थापन केली.'

दुसऱ्या दिवशी सुंदरराव दारात हजर. "गुरुजी, मत म्हंजे काय? साऱ्या तालुक्याला इचारा! सायकलवर गावोगाव फिरून आप्पानं सोसायटी हुबी केली, आन तुमी मत म्हन्ता?"

"तटस्थ लिहिलंय, चेअरमनसाहेब."

"चुलीत घाला तुमचं तटस्थ! बाप हाय तो माझा!"

गुरुजींना आतून गुदगुल्या होत होत्या. पण बाजेवरून चतुराबाई बोलली, "भारत, खोटं कावून लिव्हलं? सोसायटी आप्पानंच काढली. लई खस्ता खाल्ल्या त्या मान्सानं. पूस ते."

आईपुढं गुरुजींचं काय चालणार? मुकाट्यानं त्यांनी 'काहींच्या मते' पुसलं. सुंदरराव निवळले. "बगा, चतुराबाईला खरं ठावं हाय," म्हणत उंबऱ्यापाशीच टेकले.

"मला ठावं हाय, आन तुमाला बी," ती म्हणाली. "तवा तुमी धा-बारा वर्साचे आसाल. हिरीच्या काठावर आप्पाच्या बाजूलाच हुबे व्हता. माझी घागर कुनी लाथाडली, सांगा."

सुंदररावांनी गुरुजींकडं पाहिलं. पण आईनं गुरुजींपुढं कधी कुणाचं नावच घेतलं नव्हतं.

"काही लोकांनी..." सुंदररावांनी सुरुवात केली आणि ते थांबले. म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. तिला घाई नव्हती.

"आप्पानं," ते म्हणाले.

गुरुजींची बोटं चालेनात. एवढा वेळ हसू दाबून बसलेल्या माणसाला आता रडू दाबावं लागत होतं. शेवटी सुंदररावच म्हणाले, "लिव्हा, गुरुजी. सोसायटीच्या वाक्याखालीच लिव्हा. नावानिशी."